मास्तरांच्या गळ्यातली टाकी

“मास्तर, जरा रुमाल सोडा की. बघू तरी द्या.”

भाळवणीचे बापूराव मोहिते आमच्या ओट्यावर ऐसपैस बसले होते आणि लेकाच्या लग्नाचा बँड ठरवण्याआधी माझ्या नवऱ्याचा गळा बघायला मागत होते. माझा नवरा म्हणजे दौलत वायदंडे. विट्यात आमचा ब्रास बँड होता, ते त्याचे मालक आणि ट्रम्पेट वाजवणारे. सगळा गाव त्यांना मास्तर म्हणायचा, मग मीही मास्तरच म्हणायचे. मास्तरांनी नव्या नवरीसारखं लाजत गळ्याचा रुमाल सोडला. गळ्याच्या खालच्या अंगाला, जरा उजवीकडे, चांगली लिंबाएवढी गाठ होती. बापूरावांनी चष्मा चढवला, वाकून गाठ पाहिली, आणि बैल पसंत पडल्यावर मान हलवतात तशी हलवली.

“हाय की गा,” ते म्हणाले. “लोक म्हणत्यात ते खोटं न्हाय. हीच का ती टाकी?”

“हीच,” मास्तर म्हणाले.

बापूरावांनी पानावर सुपारी ठेवून ती मास्तरांच्या हातात दिली. बँड ठरला, आणि मी आतल्या दारात चहाचा ट्रे घेऊन दात खात उभी राहिले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा आमच्या गल्लीत कुणाला थायरॉइड हा शब्द ठाऊक नव्हता. गळ्याला गाठ आली, ती वाढत गेली, आणि आमच्या बँडवाल्यांनी तिचा आपल्या परीनं अर्थ लावला. इतकी वर्षं ट्रम्पेट फुंकून मास्तरांच्या गळ्यात दम साठलाय, बाकी काही नाही. क्लॅरोनेटवाले नूरभाई मुल्ला हे मास्तरांचे जिवाभावाचे दोस्त. त्यांनीच तिला टाकी हे नाव दिलं. “आपल्याला दम लागतो तवा आपण थांबतो,” ते पोरांना समजावून सांगायचे. “मास्तर टाकीतला घेत्यात.” पोरांना ते पटलं. मिरवणुकीला निघताना ती आधी गणपतीच्या फोटोला हात लावायची आणि मग टाकीला. मास्तर मान वर करून उभे राहायचे, सगळ्यांचे हात लावून होईपर्यंत. मिरवणुकीत मीही बँडच्या सामानाच्या गाड्यामागं चालायचे.

खालच्या गल्लीतल्या विष्णू मास्तरांचाही बँड होता. आमच्या टाकीची कीर्ती वाढली तशी त्यांनी भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर गुंडाळायला सुरुवात केली. मफलरीखाली उजव्या बाजूला काहीतरी गोल दिसायचं. काय आहे विचारलं की विष्णू मास्तर नुसते हसायचे.

आधी मीही या सगळ्याला हसायचे. पण त्याआधीच्या दिवाळीपासून मला त्या टाकीचा राग यायला लागला होता. का, ते मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते, हसू झालं असतं. उघड दिसत होतं तेवढंच बोलायचे. मास्तर चहाचा घोट घेत आणि गाठ घोटाबरोबर वर जाई, पुन्हा खाली येई. मला ते बघवायचं नाही. मी म्हणायचे, “अवं, एकदा मिरजंला जाऊन दावून येऊ.”

“आन् मग?” मास्तर म्हणायचे. “त्ये कापणार. गळा कापला की आवाज गेला, दम गेला. मामाच्या गावात एका बाईची गाठ कापली, तर बाई बाप्यासारखी बोलाय लागली. मी ट्रम्पेट सोडून काय झांजा वाजवू?”

ट्रम्पेट गेलं तर हा माणूस अर्धा जाईल, हे मला माहीत होतं. आणि गाठ राहिली तर तो मला पुरा तरी मिळेल का, या भीतीनं मला घास गोड लागत नव्हता. दोन्हीकडून माझीच पंचाईत. शेजारणींनी चुना आणि गूळ लावायला सांगितला, तर गाठ पांढरी टोपी घातल्यासारखी दिसायला लागली आणि लग्नाची गिऱ्हाइकं आणखी कौतुकानं बघायला लागली. पुडीतल्या मिठानं गाठ जाते असं मास्तरांनी कुठंतरी ऐकलं, तर त्यांनी चहातसुद्धा मीठ घालून पाहिलं. गाठ होती तिथंच राहिली. चहा मात्र मला ओतून द्यावा लागला.

शेवटी मी त्यांच्याच धंद्यातला कायदा त्यांच्यावर उलटवला.

आमच्या बँडचा एक नेम होता, मास्तरांच्या वडिलांपासूनचा. हातात सुपारी घेतली की जायचं. घरात ताप असो, भांडण असो, पाहुणे असोत, सुपारी घेतलेल्या ठिकाणी बँड उभा राहणारच. मास्तरांनी स्वतःच्या सख्ख्या मेव्हण्याचं लग्न सोडलं होतं, कारण त्या दिवशीची सुपारी आधीच घेतलेली होती. माझ्या माहेरी त्यावरून अजून बोलणी खावी लागतात.

तर एका सकाळी मी आंघोळ करून इरकल नेसले, पानावर सुपारी ठेवली, परसदारानं बाहेर पडले आणि गल्लीला वळसा घालून गिऱ्हाइकासारखी पुढच्या दारानं ओट्यावर आले. मास्तर नूरभाईंबरोबर ट्रम्पेट पुसत बसले होते.

“मास्तर हायेत का?” मी डोक्यावर पदर घेऊन विचारलं.

नूरभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं, आणि ते तिथून हललेच नाहीत. मास्तरांना वाटलं, बायकोला आज चेष्टेची लहर आलीय. त्यांनाही चेव चढला. “हायेत की. बसा, बाई. कुठनं आला म्हणायचं?”

“हितलीच हाय. सुपारी द्यायचीय.”

“द्या की,” म्हणत मास्तरांनी सवयीनं हात पुढं केला. मी पान-सुपारी त्या हातात ठेवली आणि वरनं त्यांची मूठ मिटवली.

“कुठं यायचं?” मास्तर अजून हसत होते.

“मिरजंला. मोठ्या दवाखान्यात. गळा दावायला.”

मास्तरांचा चेहरा पडला. त्यांनी मूठ उघडून सुपारीकडे पाहिलं. “हौसा, ही फसवणूक हाय. ही सुपारी मी घेतली न्हाय.”

“घेतली,” नूरभाई म्हणाले. “माझ्या डोळ्यादेखत घेतली. आता न्हाय म्हणायचं न्हाय, मास्तर. तुमच्या वडलांच्या काळापासनं आपल्या बँडानं सुपारी परतवल्याली न्हाय.”

मास्तर उठले, ओट्यावर येरझाऱ्या घातल्या, आणि मग त्यांनी एकदम छाती काढली. त्यांना वाटलं पळवाट सापडली. “बरं. सुपारी घेतली. पण सुपारी बँडाची असतीया, एकट्या मास्तराची न्हाय. फुल बँड येणार. ड्रेस घालून, वाद्यं घिऊन. चालंल?”

“चालंल की,” मी म्हणाले. “टेंपो सांगा.”

त्यांना वाटलं मी लाजून माघार घेईन. मी त्यांना नीट ओळखत होते. त्यांनी मला इतक्या वर्षांत ओळखलं नव्हतं.

मिरजेच्या त्या दवाखान्याच्या दारात आमचा टेंपो थांबला आणि लाल कोट, पिवळ्या झालरी, पितळी बटणं अशी सगळी वरात खाली उतरली, तेव्हा वॉचमननं आधी सलाम ठोकला आणि मग कोण येतंय ते विचारलं. मोठा ढोलवाला शिवा आडदांड, त्याचा ढोल दारातून आत जाईना, म्हणून दाराची दुसरी फळी उघडावी लागली. आत भिंतीवर ‘शांतता राखा’ असं लिहिलं होतं. पोरांनी ते वाचलं आणि आपापली वाद्यं पोटाशी धरून बाकांवर ओळीनं बसली. पायाला प्लास्टर घातलेला एक म्हातारा कुबड्या टेकत आला आणि त्यानं नूरभाईंच्या कानात एका चालीची फर्माईश केली. एक नर्स हळूच विचारून गेली, लग्न कुणाचं? तेवढ्यात एका बाईच्या कडेवरच्या पोरानं शिवाच्या ढोलावर थाप मारली. तो आवाज सगळ्या वॉर्डांतून फिरून आला.

त्याबरोबर डॉक्टर इनामदारबाई बाहेर आल्या. पांढरा कोट, बारीक चण, कपाळाला आठी.

“हा काय प्रकार आहे? पेशंट कोण यातला?”

सगळ्या बँडनं मास्तरांकडे बोट दाखवलं.

“आणि बाकीचे?”

“बाकीची सुपारीत हायेत,” मास्तर म्हणाले.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळा प्रकार सांगितला. ऐकताऐकता त्यांची आठी गेली आणि त्या तोंडावर फाइल धरून हसल्या. मग म्हणाल्या, “या आत. दोघंच.” पण दार उघडंच राहिलं आणि दारात लाल कोटांची दाटी झाली.

बाईंनी मास्तरांना स्टुलावर बसवलं, त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि घोट घ्यायला सांगितलं. मास्तरांनी घोट गिळला. गाठ वर गेली, खाली आली. “घोटाबरोबर हलते, म्हणजे ही थायरॉइडची गाठ,” बाई म्हणाल्या. “गळ्यात पुढच्या बाजूला एक ग्रंथी असते, सगळ्यांनाच असते. तिच्यात गाठ झालीय.” दारातल्या सगळ्या पोरांनी आवंढा गिळला आणि आपापले गळे चाचपले. शिवा घाबरा झाला. “बाई, माझ्यातबी वरखाली हुतंय.”

“तो कंठ आहे तुमचा,” बाई म्हणाल्या. “देवानंच दिलाय. असू द्या.”

मग त्या मास्तरांच्या पाठीमागे उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांच्या बोटांनी गळा हळूहळू चाचपू लागल्या. प्रश्न विचारत गेल्या. छाती धडधडते का? वजन उतरलं का? गिळताना अडकतं का? आवाज बसतो का? मास्तर सगळ्याला नाही म्हणत होते, परीक्षेला बसल्यासारखे ताठ.

“दम कमी पडतो का?”

“छ्या,” मास्तर म्हणाले. “दम तर उलटा वाढलाय. ही टाकीच हाय न्हवं का दमाची.”

बाईंनी नजर माझ्याकडे वळवली. इतके दिवस दाबून ठेवलेलं आता बोलावंच लागणार होतं, आणि तेही सगळ्या बँडसमोर.

“कमी झालाय,” मी म्हणाले. “दिवाळीपासनं.”

“तुला काय ठावं?” मास्तर म्हणाले.

“पाठवणीच्या चालीत तुमचा शेवटचा सूर असतोय न्हवं, लांब धरायचा? लगीन झाल्यापासनं तुम्ही तो सूर धरला की मी मागं गाड्याच्या आडोशाला पदर तोंडावर घेऊन दम धरून उभी ऱ्हातीया. तुम्ही सोडीपर्यंत. बघावं कोण जिंकतंय म्हणून. पयल्यापासनं मीच हरायची. लई येळा तर डोळ्यांपुढं अंधारी यायची, पर तुमचा सूर आपला चाललेलाच. ह्या दिवाळीपासनं मी जिंकाय लागले.”

दारात नूरभाईंनी टोपी काढून हातात घेतली. गल्लीतल्या बायका मला हसायच्या, नवरा वाजवतो आणि हिचे गाल फुगतात म्हणून. ते का फुगतात हे आज सगळ्यांना कळलं. मला कान तापल्यासारखे वाटत होते.

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. “इतकी वर्षं?” त्यांनी विचारलं.

“हां.”

“आन् मला सांगितलं न्हाईस.”

“सांगितलं असतं तर तुम्ही मुद्दाम लांबवलं असतं.”

डॉक्टरबाईंनी खाकरून आम्हाला भानावर आणलं. “बरोबर आहे यांचं,” त्या म्हणाल्या. “ही गाठ श्वासनळीला बाजूनं रेटतेय. टाकी कसली, मास्तर, ही तुमचा दम अडवून बसलीय.” मग त्यांनी रक्त घेतलं, आणि सोनोग्राफीच्या खोलीत नेऊन गळ्यावर थंडगार काहीतरी लावून गाठ आतून पाहिली. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा हलका झाला होता. “आत बहुतेक सगळं पाणी आहे. सुईनं काढून बघू.”

“कापायचं न्हाय?” मास्तरांनी विचारलं.

“सुईनं काढलेलं पाणी तपासायला पाठवायचं. त्यात वावगं काही निघालं नाही तर नाही कापायचं. सगळ्याच गाठी अशा नसतात, मास्तर. काहींना नुसतं लक्ष ठेवलं तरी पुरतं, काहींना गोळी लागते, काही कापाव्याच लागतात. कोणती कुठली, ते बघितल्याशिवाय देवालासुद्धा सांगता येत नाही. म्हणून तर लवकर यायचं असतं, फुल बँड घेऊन का होईना.”

सुई बारीकच होती. मास्तरांनी माझा हात धरला आणि डोळे मिटले. सिरिंजमध्ये कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी चढायला लागलं आणि डोळ्यांदेखत गाठ बसत गेली, बसत गेली, शेवटी गळा सपाट झाला. तेवढ्यात दारात धप्प असा आवाज झाला. शिवा आडवा झाला होता. त्याला उचलायला बँडमधली झाडून सगळी पोरं लागली, आणि त्या दिवशी दवाखान्यात खाट लागली ती एकट्या ढोलवाल्यालाच.

“हप्ताभर फुंकायचं नाही,” डॉक्टरबाईंनी बजावलं. “पाणी पुन्हा भरलं तर पुन्हा काढू. गाठीनं फारच हट्ट केला तर आत औषध सोडून सुकवता येतं. पण दाखवायला येत राहायचं.”

येताना टेंपोत मात्र सगळ्यांचे चेहरे मयताहून परतल्यासारखे होते. पोरं मास्तरांच्या सपाट गळ्याकडे चोरून बघत होती. एकानं हळूच विचारलं, “आता निघताना हात कशाला लावायचा?” नूरभाईंनी त्याला कोपरानं ढोसलं.

तपासणी चांगली निघाली. वावगं काही नव्हतं. मी गल्लीत पेढे वाटले. पण मास्तरांनी ट्रम्पेटला हात लावला नाही. हप्ता सरला तरी नाही. डॉक्टरबाईंनी कितीही सांगितलं तरी इतकी वर्षं ज्या गाठीच्या जिवावर आपण वाजवतो असं त्यांनी मानलं, ती एका सुईनं निघून गेली होती. दिवसातून दहा वेळा ते आरशात गळा बघायचे. मी म्हणायचे, वाजवून तरी बघा. ते म्हणायचे, उद्या. माझ्या मनात येई, मी यांचा गळा वाचवला आणि ट्रम्पेट घालवलं की काय.

आणि बापूराव मोहित्यांच्या लेकाचं लग्न येऊन ठेपलं.

नवरदेव मारुतीच्या पाराकडे निघायच्या वेळी बापूराव फेटा सावरत आले आणि मास्तरांचा गळा बघून जागच्या जागी थांबले. “टाकी कुठाय?”

नूरभाई पुढं झाले. “काढून ठेवलीया,” ते गंभीरपणे म्हणाले. “रोज वापरली की झिजतीया.”

बापूरावांना हे पटलं की नाही, कोण जाणे, पण मुहूर्त टळत होता. मिरवणूक निघाली. मास्तर आखूड आखूड वाजवत होते, जरा लांब सूर आला की तो नूरभाईंच्या क्लॅरोनेटवर ढकलत होते. मी गाड्याच्या मागं चालत एकेक सूर मोजत होते. बापूरावांच्या कपाळावर आठ्या चढत होत्या.

आणि पाराजवळच्या चौकात समोरून दुसरी मिरवणूक आली. दुसरं लग्न, दुसरा बँड. पुढं विष्णू मास्तर, गळ्याला मफलर, मफलरीखाली ती गोल गाठ, पहिल्यापेक्षा मोठी झालेली.

दोन बँड चौकात समोरासमोर आले की काय होतं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. दोन्ही नवरदेव घोड्यांवर ताटकळत बसले आणि दोन्ही वऱ्हाडं बाजूला सरून गोल करून उभी राहिली. विष्णू मास्तरांनी एक लांब सूर धरला. चांगला धरला, खोटं कशाला सांगू. मान मागं टाकली, छाती फुगवली, आणि त्या फुगण्यात मफलरीची गाठ सुटली. आतून एक गुंडाळलेला मोजा निघाला आणि घरंगळत थेट आमच्या घोड्याच्या पायाशी आला. घोड्यानं तो हुंगला. दोन्ही वऱ्हाडं खदाखदा हसत सुटली. बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या, दोन्ही नवरदेवांच्या मुंडावळ्या गदागदा हलत होत्या, आणि विष्णू मास्तर ट्रम्पेट खाली करून स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसत होते.

मास्तरही हसले. पोट धरून हसले. त्या दवाखान्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. वाकून त्यांनी तो मोजा उचलला, झटकला आणि अदबीनं विष्णू मास्तरांच्या हातात दिला. मग त्यांनी आपल्या सपाट गळ्यावरून एकदा हात फिरवला, गर्दीवरून नजर फिरवत गाड्याच्या मागं मला शोधून काढलं, आणि ट्रम्पेट ओठांना लावलं.

वाजवली तीच चाल, पाठवणीची. लग्न लागायच्या आधीच. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. शेवटचा सूर आला तसा मी पदर तोंडावर घेतला आणि दम धरला.

या वेळी त्यांना ठाऊक होतं. सूर चालू होता आणि त्यांचे डोळे माझ्यावरून हटत नव्हते. बापूरावांनी फेटा काढून काखेत धरला. नूरभाई बोटं मोजायला लागले आणि मोजायचे थांबले. माझ्या कानात घणघण व्हायला लागलं, गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, मी गाड्याची कड धरली. पूर्वीसारखं हळूहळू सगळं अंधारून येऊ लागलं आणि सूर होता तसाच होता, सरळ आणि स्वच्छ.

मी हरले. मोठा आवाज करून मी श्वास घेतला आणि पदर तोंडावरून काढला.

त्यांनी ते पाहिलं. मग त्यांनी सूर आणखी थोडा लांबवला, उगाच, मला चिडवायला, आणि मगच सोडला.